एकाच अंगावरच्या दोन चौकशा

१ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळच्या जांभुळखेडा येथे नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि त्यात पंधरा पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक असे सोळा जण मारले गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी पूर्व विदर्भात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. रुग्णालयाचे नाव, तसेच या हकिकतीतल्या माणसाला पकडणाऱ्या दलाचे नाव मी देत नाही. त्या पट्ट्यात दोन राज्यांचे पोलीस आणि केंद्रीय दले एकाच वेळी वावरत असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांच्यापैकी कोणा एकापुरते नाही.

अटक केलेल्या माणसाची तपासणी हे आमच्याकडे कंटाळवाण्या कामांपैकी एक मानले जाते. बाहेर ओपीडीची रांग असते, हवालदार विनंतीपत्र पुढे करतो, आपण नाडी आणि रक्तदाब पाहतो, ‘ताजी जखम आढळली नाही’ असे लिहून सही-शिक्का करतो. कायद्याची अपेक्षा मात्र याहून बरीच मोठी आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५४ सांगत असे की डॉक्टरने अंगावरच्या जखमा व मारहाणीच्या खुणा नोंदवाव्यात, त्या साधारण केव्हा झाल्या असाव्यात तेही लिहावे, आणि अहवालाची एक प्रत त्या माणसाला द्यावी. ‘केव्हा’ हा प्रश्न किती जड असतो, हे मला त्या संध्याकाळी कळले.

त्याला आणले तेव्हा दिवे लागले होते. तिशीचा माडिया आदिवासी शेतकरी, पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत चालत होता. सोबतच्या हवालदाराला माडिया येत होती आणि त्याने दुभाष्याचे काम करण्याची तयारीही दाखवली. परंतु मी त्याला दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे राहायला सांगितले आणि आमच्या कक्षसेवकाला बोलावले. तो याच भागातला, माडिया बोलणारा. कागदावर आपले नाव कुठेही येऊ नये, या अटीवर तो तयार झाला.

पाठीवर आणि मांड्यांवर काठीचे वळ होते. काठीचा मार बसला की दोन समांतर रेषा उमटतात आणि मधली त्वचा बरीचशी मोकळी राहते, तशाच या रेषा होत्या. पण त्यांचा रंग हिरवटपणाकडून पिवळसरपणाकडे गेलेला होता. सावळ्या कातडीवर, तेही विजेच्या दिव्यात, हे रंग सहज दिसत नाहीत, आणि पाठ्यपुस्तकात दिलेला रंगांचा क्रम घड्याळाइतका विश्वासार्हही नाही. तरी पिवळेपणा पहिल्या दिवसात येत नाही एवढे नक्की. हे वळ आठवडाभराचे असावेत. दंडांवरचे वळ मात्र लालसर-निळे, एक-दोन दिवसांतले होते. तळपायांवर काहीच दिसत नव्हते. अनवाणी चालून घट्ट झालेल्या कातडीखाली रक्त साकळले तरी ते वर उमटत नाही. पायाच्या मधल्या कमानीवर अंगठा दाबताच त्याने पाय ओढून घेतला. पावले वरच्या बाजूने सुजली होती. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्ताची चाचणी होकारार्थी आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत, म्हणजे मार खाऊन चिरडलेल्या स्नायूंतले रंगद्रव्य मूत्रपिंडावर उतरत होते.

खूण दिसत नाही म्हणून मार बसलाच नाही, असे लिहिणे किती महाग पडते याचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडताना तिच्या अंगावर जखमा नव्हत्या या गोष्टीचा आधार घेतला. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजले आणि १९८३ मध्ये त्यामुळे कायदा बदलला. म्हणून तळपायांबद्दल मी जे दिसले तेवढेच न लिहिता, जे दिसत नाही ते का दिसत नाही हेही लिहिले.

वळ दोन वयांचे का आहेत, हे मी कक्षसेवकामार्फत विचारले. बराच वेळ तो शेतकरी बोलला नाही. मग जे सांगितले ते असे : आधी दलमवाल्यांनी, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीने, त्याला रात्री घरातून उचलून जंगलात नेले होते. आठवडी बाजारात पोलिसांशी बोलताना तू दिसलास, काय सांगितलेस, कोणाची नावे दिलीस, अशी चौकशी झाली. मार असह्य झाल्यावर त्याने जे विचारले त्याला हो म्हटले, आणि शेवटी तंबी देऊन त्यांनी सोडले. तो जंगलात राहून आला आहे ही बातमी पसरली आणि काही दिवसांनी दुसऱ्या बाजूने त्याला ताब्यात घेतले. आता प्रश्न उलटे होते : दलमने तुला काय काम दिले, सुरुंग कुठे पुरला आहे. तिथेही तो हो म्हणाला आणि रस्त्यावरच्या एका मोरीचे नाव सांगितले. ‘मी दोघांनाही हो म्हटले,’ हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले.

मग त्याने विनंती केली. अलीकडच्या माराचे हवे तर लिहा, पण आधीचा मार कोणी दिला ते लिहू नका. कागद कोर्टात जाईल, कोर्टातून गावात येईल, आणि दलमविरुद्ध तोंड उघडले म्हणून घरच्यांना भोगावे लागेल. ही भीती पोकळ नव्हती. पोलिसांचा खबरी ठरवून मारलेल्या आणि अंगावर चिठ्ठी ठेवून रस्त्यात टाकलेल्या माणसाचे शवविच्छेदन मी स्वतः केले होते.

थोड्या वेळाने त्याला पकडणाऱ्या दलाचा अधिकारी आत आला. त्याच्याविषयी न्यायाने लिहायला हवे. पावसाळ्यात नदीपलीकडे एखादी बाळंतीण अडली की मी ज्याला फोन करत असे तो हाच, आणि त्याने कधी नाही म्हटले नव्हते. १ मेच्या स्फोटात त्याच्या जवळचा माणूस गेला होता. त्याच्या दोन मागण्या होत्या. एक, कोठडीसाठी योग्य असल्याचा दाखला द्यावा, कारण पहाटे त्याची माणसे त्याच मोरीवरून जाणार होती आणि अजून बरेच विचारायचे होते. दुसरी, जुने वळ दलमचे आहेत हे स्पष्ट लिहावे. नाही तर न्यायालय तेही आमच्याच खात्यावर टाकेल. कशातून काय झाले हे त्यालाही ठाऊक होते, आणि त्याने ते नाकारले नाही. ‘डॉक्टर, सोळा शवपेट्या मोजल्यावर माझ्याशी तळपायांबद्दल बोला,’ असे तो म्हणाला.

सुरुंगाची गोष्ट खोटी आहे असे छातीठोकपणे म्हणण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते. त्या प्रदेशात रस्त्याखाली स्फोटके असतात, आणि ती असल्याचे कोणाला तरी माहीत असते. हाच युक्तिवाद इतर देशांतही झाला आहे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९९९ च्या निकालात गुप्तचर यंत्रणेला अशा शारीरिक पद्धती वापरण्याचा अधिकार नाही असे ठरवले, आणि तरीही प्रसंगाच्या निकडीचा बचाव खटल्यात मांडण्याची वाट चौकशी अधिकाऱ्यासाठी उघडी ठेवली. ती वाट न्यायाधीशांना मोकळी ठेवता आली, कारण ती वापरायची की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे होते. माझ्या टेबलावर मात्र दाखल्याचा कागद होता. ‘योग्य’ असे लिहून सही केली असती तर पुढच्या चौकशीत माझा वाटा पडला असता. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्याने डॉक्टरला नेमका हाच सहभाग वर्ज्य केला आहे. शिवाय आमच्या कायद्याचीही एक विचित्र खाच आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण (तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम २७) आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्यामुळे सगळा जोर वस्तू दाखवण्यावर येतो, आणि मार खाणारा माणूस कुठली तरी जागा दाखवतोच.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली ती त्याची लघवी. मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका होता, शिरेतून सलाइन आणि क्रिएटिनिनची तपासणी हवी होती, आणि ती सोय जिल्हा रुग्णालयात होती. मी कोठडीसाठी अयोग्य असे लिहिले आणि १०८ रुग्णवाहिकेने, पोलीस बंदोबस्तात, त्याला पाठवले. अहवालात दोन्ही वयांचे वळ लिहिले. जुने वळ कागदोपत्री अटकेच्या वेळेआधीचे आहेत हेही लिहिले, म्हणजे ते अधिकाऱ्याच्या माणसांवर येणार नव्हते. ताज्या माराबद्दल त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवले. जुन्या माराच्या रकान्यात ‘रुग्णाच्या विनंतीवरून इतिहास नोंदवलेला नाही’ असे वाक्य घातले. अहवालाची प्रत त्याने घेतली नाही. असा कागद घरात ठेवायचा कुठे, हा त्याचा प्रश्न होता. प्रत देऊ केली आणि नाकारली, या नोंदीखाली त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

डायलिसिस लागले नाही. पहाटे दलाने रस्ता सोडून जंगलातून पायी जाऊन मोरी तपासली आणि तिथे काहीच मिळाले नाही. अधिकाऱ्याने हे मला स्वतः सांगितले आणि पुढे जोडले की सुरुंग हलवलाही असेल. असेलही.

खटल्यात मला साक्षीला बोलावले गेले. या जखमा पडल्याने होऊ शकतात का, हा नेहमीचा प्रश्न सरकारी वकिलांनी विचारला. उंचावरून पडल्यास टाचांना इजा होऊ शकते, दोन्ही पायांच्या कमानींना तशी होत नाही, असे मी सांगितले. मग त्यांनी जुने वळ कोणाचे, त्याने तुम्हाला काही सांगितले होते का, असे विचारले. वकिलाला आहे तसे संरक्षण आपल्या पुरावा कायद्यात डॉक्टरला नाही. न्यायालयाने आदेश दिल्यावर बोलावे लागते. आदेश असल्यास सांगेन, मात्र दालन रिकामे करून घ्यावे, अशी विनंती मी केली. न्यायाधीशांनी अहवाल पुन्हा वाचला, जखमांचे वय नोंदलेले आहे तेवढे पुरे म्हणाले आणि पुढचा प्रश्न घ्यायला लावला.

बाहेरच्या व्हरांड्यात अधिकारी भेटला. त्याचे म्हणणे असे होते की तुमच्या कागदावर आमचा मार नावानिशी आला आणि त्यांचा बेवारशी राहिला. उद्या कोणी हा खटला वाचेल त्याला क्रौर्य एकाच बाजूचे दिसेल. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. ज्याने तक्रार केली तर त्याचे घर जळेल, त्याची तक्रार नोंदवता येत नाही, आणि त्यामुळे ज्यांची दहशत जास्त त्यांच्याच नावापुढची जागा कोरी राहते, हे खरे आहे. मी त्याला तसे सांगितले. सुरुंगाच्या बाबतीत मात्र माझे मत त्या रात्रीपासून बदललेले नाही : त्या माणसाने दोन्ही चौकशांत विचारणाऱ्याला हवे ते उत्तर दिले होते, आणि पहिल्या चौकशीत मिळालेल्या उत्तरांवर आमच्यापैकी कोणीही, तो अधिकारीसुद्धा, क्षणभरही विश्वास ठेवला नसता.