एल्फिन्स्टनमधला नसलेला दगड

'एल्फिस्टन उतरणार का?' मुंबईच्या लोकलमध्ये लोअर परळ सुटलं की डब्यात हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला. मधला एक 'न' गर्दीत कधीच गळून पडला होता आणि त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. विचारणाऱ्याने किंवा उत्तर देणाऱ्याने या नावाचा माणूस आयुष्यात पाहिलेला नसायचा. हे मुळात स्कॉटलंडमधलं एक आडनाव आहे, आणि तिथेही ते धारण करणारी माणसं थोडीच. स्मिथ, ब्राउन, विल्सन तिथे पैशाला पासरी. एल्फिन्स्टन भेटायला नशीब लागतं. माणसांत दुर्मीळ आणि तोंडात मुबलक असं हे आडनाव झालं कसं, हा शोध मोठा गमतीचा आहे. तो घेताना ठेचाही बऱ्याच लागतात.

पहिली ठेच स्पेलिंगमधल्या 'स्टोन'ची. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी चक्क दगड दिसतो. त्यावरून कुणी 'एल्फ' म्हणजे परी धरून पऱ्यांचा दगड शोधला, तर जुन्या वंशावळीकारांनी थेट जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन सरदारांशी नातं जुळवलं. मोठ्या घराण्याला मूळ पुरुष परदेशातून आलेला लागतो, ही हौस आपल्याकडेच आहे असं नाही. खरी गोष्ट साधी आहे. शेवटचा भाग दगड नसून 'टून' आहे. टून म्हणजे वाडी, वस्ती. पुढे जोडलेलं नाव कुणा आल्पिन किंवा एल्फिन अशा माणसाचं. त्याची वाडी ती एल्फिन्स-टून. लिहिणाऱ्यांनी पुढे कानाला ऐकू आलं तसं 'स्टोन' केलं. लिव्हिंगस्टन म्हणजे लेव्हिंगची वाडी आणि जॉनस्टन म्हणजे जॉनची वाडी, तीही याच गोत्रातली. दगड एकातही नाही.

ही वाडी एडिनबरोच्या पूर्वेला, ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रॅनंट गावाजवळ आहे. तेराव्या शतकापासून कागदपत्रांत 'द एल्फिन्स्टन' असे लोक दिसू लागतात. हा 'द' (de, अमक्या गावचा) म्हणजे आपला 'कर'. मात्र आपल्याकडे चिपळूणकर व्हायला बहुधा चिपळूण सोडावं लागतं. गावातल्या गावात सगळेच चिपळूणचे, मग वेगळं काय सांगायचं? स्कॉटलंडच्या सखल भागात गावाचं नाव आधी चिकटे ते जमीनदाराला, आणि तो गावातच राहत असताना. कुळं, चाकर, गाव सोडून शहरात गेलेले कारागीर यांना ते नंतर, वेगळ्या वाटेने मिळे. म्हणून आज एखाद्याचं आडनाव एल्फिन्स्टन आहे, तर तो लॉर्डांचा भाऊबंदच असेल असं समजू नये. जमीनदाराचा वारसही असू शकतो आणि त्याच्या मोतद्दाराचाही.

मग नाव आणि गाव यांची फारकत झाली. १४३५च्या सुमारास पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. मागे मुलगी, अ‍ॅग्नेस. जमिनीवरून तिचा आणि चुलत्याकडच्या शाखेचा वाद लागला आणि तो बरीच वर्षं चालला. शेवटी ईस्ट लोदियनची जमीन अ‍ॅग्नेसकडे राहिली. पुरुष वारसांना स्टर्लिंगजवळची, एअर्थ भागातली जमीन मिळाली. अ‍ॅग्नेसने लग्न केलं होतं गिल्बर्ट जॉनस्टनशी. म्हणजे एल्फिन्स्टनच्या गढीत आता जॉनस्टन राहू लागले, एका खोट्या दगडाच्या जागी दुसरा, आणि एल्फिन्स्टन नावाचे लोक पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला गेले. तिथे त्यांनी नवी गढी बांधली आणि तिलाही एल्फिन्स्टन टॉवर म्हटलं. नकाशावर दोन एल्फिन्स्टन टॉवर का दिसतात, त्याचं उत्तर हे. आडनावाचं मूळ शोधणारे निम्मे लोक इथेच चुकतात: धाकट्या गढीला उगमस्थान समजतात, कारण घराण्याचे प्रसिद्ध पुरुष तिथले.

ही दुसरी जागाही नावाला फार दिवस लाभली नाही. १७५४ साली ती डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि तिचं नाव डनमोर झालं. त्याच आवारात १७६१ सालची एक वास्तू आहे, बागेतल्या मंडपावर बसवलेला साधारण चौदा मीटर उंचीचा अननस. पानंबिनं सगळी कोरलेली. हा मात्र खराखुरा दगड आहे.

तिसरी मोठी वसाहत उत्तरेला, अ‍ॅबर्डीनशरमध्ये लोगी-एल्फिन्स्टनची. अ‍ॅबर्डीन शहराशी या नावाचं नातं त्याहून जुनं आहे: तिथल्या किंग्ज कॉलेजची स्थापना १४९५ साली बिशप विल्यम एल्फिन्स्टनने केली. आणखी वर ऑर्कनी बेटांतही एक शाखा गेली. १७७०मध्ये चेश्मेच्या समुद्रात तुर्की आरमाराशी लढलेला रशियन नौदलातला अधिकारी जॉन एल्फिन्स्टन या आडनावाचाच. म्हणजे पाचशे वर्षांत माणसं थोडी, पण पसारा ईस्ट लोदियनपासून बाल्टिकपर्यंत.

आता मोजणी. एखाद्या दुर्मीळ आडनावाचा पसारा कसा बदलला हे पाहायचं, तर आधी कुठल्या कागदात कोण येतं आणि कोण सुटतं हे कळायला हवं. सतराव्या शतकाच्या अखेरीच्या चूलपट्टीत, १६९१ ते १६९५, फक्त घरधन्यांची नावं आहेत. १६९६चा अ‍ॅबर्डीनशरचा डोईपट्टीचा कागद त्याहून कितीतरी बरा, कारण त्यात नोकरचाकरही येतात. चर्चच्या जुन्या वह्या १५५३पासून मिळतात, पण त्या सगळ्या गावांच्या नाहीत. शिवाय १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरिबाने बाप्तिस्मा केला, पण वहीत नाव घालण्याचे पैसे वाचवले. त्या दशकात एखादं आडनाव गावातून अचानक नाहीसं झालेलं दिसलं, तर लोक गाव सोडून गेले असं म्हणण्याआधी हे तीन पेन्स आठवावेत.

सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ला. त्या पहिल्या वर्षाचे दाखले म्हणजे संशोधकांची दिवाळी. जन्माच्या दाखल्यात आईबापांची वयं, जन्मस्थळं, लग्न कुठे आणि कधी झालं, आधीची मुलं किती, सगळं विचारलं होतं. कारकून दमले असावेत, कारण पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले. दुर्मीळ आडनावासाठी ज्यांचं कुणी १८५५मध्ये जन्मलं किंवा वारलं, ते खरे भाग्यवान.

जनगणनेत १८४१ची पाहणी सावधपणे वापरावी. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणलेली आहेत. सदतीस वर्षांचा बाप पस्तिसाचा होतो. जन्म याच परगण्यातला का, एवढंच विचारलं आहे. कुठल्या गावचा, हे १८५१पासून. म्हणून पसाऱ्याच्या नकाशासाठी बहुतेक जण १८८१ची जनगणना पाया धरतात आणि मागेपुढे मोजतात.

इथेच एक खड्डा आहे, आणि तो स्कॉटलंडचाच. तिथे लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव कायद्याच्या कागदात टिकतं. मृत्यूच्या सूचीत ती माहेरच्या नावानेही सापडते आणि सासरच्याही. वंशावळीला हे वरदान, मोजणीला शाप. सूचीतल्या एल्फिन्स्टनांची संख्या जनगणनेतल्या संख्येशेजारी ठेवली की आडनाव वाढल्याचा भास होतो. खरं तर त्याच बाया दोनदा मोजलेल्या असतात. मृत्यूची तुलना मृत्यूशीच करावी आणि जनगणनेची जनगणनेशी.

स्पेलिंगचा खड्डा याहून खोल. शेवटी 'ई' असलेलं, नसलेलं, 'पीएच'ऐवजी 'एफ', 'स्टून', आणि आपल्या लोकलसारखं मधला 'न' गाळलेलं एल्फिस्टन. सारखी वाटणारी नावं एकत्र आणायला साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे: पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि 'एच' टाकायचे, उरलेल्या व्यंजनांना ठरलेले आकडे द्यायचे, आणि एक अक्षर व तीन आकडे झाले की थांबायचं. एल्फिन्स्टनचा संकेत येतो ई-४१५. 'एफ' घालून लिहिलं तरी ई-४१५च, ही त्या पद्धतीची करामत. पण 'न' गळाला की पुढचा 'स' तिसऱ्या जागी सरकतो आणि संकेत ई-४१२ होतो. माणूस यादीतून गेला! पहिलं अक्षर 'ए' ऐकू आलं तर संकेत ए-४१५, तोही हरवला. म्हणून या आडनावापुरतं साउंडेक्सवर विसंबू नये. आरंभी व शेवटी तारांकन (*) देऊन मधला तुकडा शोधावा, मग हाताने निवडावं. जोडआडनावं वेगळी काढावीत: वारसा जोडत जोडत या घराण्याच्या लॉर्डांचं आडनाव बुलर-फुलर्टन-एल्फिन्स्टन झालं आहे, आणि सूचीत ते 'बी'खाली जाऊन बसतं.

सगळं नीट जमलं तरी लहान आकड्यांची लहर उरतेच. एखाद्या परगण्यात या नावाची पाच माणसं असतील आणि सहा जणांचं एक कुटुंब तिथे राहायला आलं, तर आडनाव दुपटीपेक्षा जास्त वाढलं. नकाशावर तो परगणा लाल होतो आणि पाहणारा कारणं शोधत बसतो. दुर्मीळ आडनावाला टक्केवारी लावू नये, घरं मोजावीत.

कोळशाचीही एक बाजू आहे. मूळ वाडीच्या भोवती कोळशाच्या खाणी, आणि १६०६च्या कायद्याने स्कॉटलंडमधला खाणकामगार मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे कामाला जाऊ शकत नव्हता. ही बांधिलकी पूर्ण सुटली १७९९मध्ये. म्हणून अशा खाणगावांत तीच ती आडनावं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी गोठलेली दिसतात. जमीनदाराचं आडनाव दोन लग्नांत देशभर फिरून येई. खाणीतल्याचं दीडशे-पावणेदोनशे वर्षं हलत नसे. आणि त्याच खाणींनी शेवटी मूळ गढी संपवली. खालची जमीन पोखरून खचली, भिंतींना भेगा पडल्या, आणि १९५५मध्ये गढी उतरवावी लागली. खालचा मजला तेवढा शिल्लक आहे.

आडनावं मरतात कशी, यावर फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४मध्ये गणित मांडलं. प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होत असेल, तर वंश कितीही पिढ्या चालला तरी एक दिवस थांबतोच. सरासरी एकाहून जास्त असली तर काही वंश टिकतात, हे वॉटसनच्या हातून सुटलं. त्याने सगळ्यांनाच मारून टाकलं. एल्फिन्स्टनांच्या बाल्मेरिनो शाखेला गणिताचीही गरज पडली नाही. सहावा लॉर्ड बाल्मेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, बंडात सापडला आणि १७४६च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच्यामागे शाखा नाही.

याच संदर्भात मुंबईचे दोन एल्फिन्स्टन पाहावेत. दोन, हे आधी लक्षात ठेवायला हवं. पुष्कळांना ते एकच वाटतात. पहिला माउंटस्टुअर्ट, पुण्याचा रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळी ज्याची संगमावरची कोठी जळाली तो, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. कॉलेज त्याच्या नावाचं. दुसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर. फोर्टमधलं एल्फिन्स्टन सर्कल त्याचं, आणि स्टेशनही त्याचंच. काका-पुतणे दोघेही अविवाहित वारले. जगात हे आडनाव सर्वांत जास्त तोंडांत घातलं त्यांनी, आणि वंशावळीत दोघांच्याही नावाखाली रेघ नाही.

माणसं वाढली नाहीत, गावं वाढली. अ‍ॅबर्डीनच्या कालव्याच्या टोकाला, इन्व्हरूरीजवळ, पोर्ट एल्फिन्स्टन वसलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात एक एल्फिन्स्टन आहे, कॅनडात मॅनिटोबात एक. ओमानच्या मुसंदममध्ये एल्फिन्स्टन इनलेट आहे. मुंबई सरकारच्या आरमाराचा वावर त्या पाण्यात होता. तांबड्या समुद्रात मार्सा आलमजवळ समुद्रात बुड्या मारणाऱ्यांना प्रिय असलेला एल्फिन्स्टन रीफ आहे. गावावरून माणसाला मिळालेलं नाव माणसावरून पुन्हा गावांना गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी 'टून' म्हणजे वाडी हे विसरूनच.

मुंबईत त्यातलं काय उरलं? सर्कलचं स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झालं. काळा घोड्यासमोरचं कॉलेज नाव टिकवून आहे. रानडे-भांडारकरांपासूनची परंपरा त्या नावाशी बांधलेली असल्याने ते हलवणं सोपंही नाही. स्टेशनची पाटी जुलै २०१८मध्ये प्रभादेवी झाली. शेजारच्या रस्त्यावरचा जुना पूल पाडण्यासाठी २०२५च्या सप्टेंबरमध्ये बंद केला, तेव्हा पाटी बदलून सात वर्षं झाली होती. बातम्यांत मात्र तो एल्फिन्स्टन पूलच होता, आणि वळसा घालून दादरला निघालेले लोक टॅक्सीवाल्याला सांगत होते, 'एल्फिस्टन बंद आहे, टिळक ब्रिजवरून घ्या.'