क्वांती ने आब्यामो ऑज्जी?

आज इटलीतल्या तोरिनोत ट्रामच्या थांब्यावर शेजारच्या आजींनी मला हे विचारलं. शब्दशः अर्थ, 'आज आपल्याकडे किती आहेत?' क्षणभर कळेना. मग उमगलं, अरे, ही तर आपली 'आज किती तारीख?' इतकं बरं वाटलं जिवाला!

इटालियनमध्ये तारखेला साधा आकडाच लागतो. 'इल दूए जून्यो' म्हणजे २ जून, १९४६ च्या सार्वमताची आठवण, इथला प्रजासत्ताक दिन. मान फक्त एकीला: १ तारीख 'ऊनो' नाही, 'प्रीमो', म्हणजे पहिली. आपला पगार 'पहिल्या तारखेला' होतो ना, तसंच. ८ आणि ११ चे शब्द स्वराने सुरू होतात, म्हणून तारखेआधीचा 'इल' (इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द) आकसून त्यांना चिकटतो: 'लॉत्तो मार्त्सो', म्हणजे ८ मार्च, महिला दिन. अगदी आपल्या संधीसारखं, मला फार आवडतं हे.

थांब्याचा रस्ताही तारीखच, 'वीया वेंती सेत्तेंब्रे'. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, तो दिवस. पाटीवर वीस रोमन अंकांत आहे. आजींनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि म्हणाल्या, 'ब्रावा!'