पाणी देताना टिंग झालं

तीन आठवडे झाले, तो आवाज काय डोक्यातनं जाईना म्हणून लिहून टाकतो.

मी दिवसा शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला आहे आणि घरी मागच्या पत्र्याच्या शेडमधे सुरे बनवतो. एक भट्टी, सेकंडहँड बेल्ट ग्राइंडर आणि रुळाच्या तुकड्याची ऐरण, बास. गिऱ्हाईक बहुतेक व्हिडिओ बघून आलेलं असतं, त्यांना पाठीला करवतीसारखे दात पाहिजेत आणि पातं फूटभर. नऊ इंचापेक्षा लांब नाहीतर दोन इंचापेक्षा रुंद पातं, घरकामाचं-शेतीचं सोडून, आर्म्स अ‍ॅक्टच्या भानगडीत जातं म्हणून सांगितलं की तोंडं उतरतात. अरे शिकारीचा खरा सुरा चार-साडेचार इंचाचा असतोय, कातडं सोलायला, रानात तलवारबाजी करायला नाही.

हे काका वेगळे होते. राधानगरीकडचे, सत्तरीला आलेले, पोत्यात गुंडाळून जीपचा कमानपाटा घेऊन आले. वडील शिकारी, दाजीपूरचं रान संस्थानच्या शिकारीचं होतं त्या काळातले. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ते सगळं बंद झालं, नंतर वाटण्यांत वडिलांचा सुरा कुठं गेला कुणालाच माहीत नाही. जीप भंगारात घालताना काकांनी एक पाटा तेवढा काढून ठेवलेला. कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं सुऱ्याचं चित्र काढून आणलेलं, टोक जरा खाली उतरलेलं, मूठ पोटात फुगीर. म्हणाले, “असाच पाहिजे बाळ, आणि ह्यातनंच.”

मी म्हणलं, काका, जुन्या पाट्याचा भरवसा नसतो, वर्षानुवर्षं वाकून वाकून आत बारीक चिरा पडलेल्या असतात, दिसत नाहीत. नवीन ईएन ४५ ची, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी आणतो, दोनतीनशे रुपयाचा प्रश्न. ऐकले नाहीत. एवढं बोलून ठेवलेलं मला पुढं कसं उपयोगी पडलं ते येतंच.

पाटा रॉकेलमधे रात्रभर ठेवला, पुसून कोरडा केला आणि खडू चोळला. चीर असली की आतलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ दोन रेघा उमटल्या, टोकाकडं काहीच नाही, म्हणून टोकाकडचा तुकडा घेतला. लाल करून रात्रभर राखेत पुरला, तेव्हा कुठं कानस चालायला लागली. साडेसहा मिलीचा पाटा चारवर आणला. मग चार मिलीचं ड्रिल टेबलावर आडवं ठेवून त्याच्या टोकानं धारेच्या कडेला मधोमध रेघ मारली, कारण दोन्हीकडनं त्या रेघेपर्यंतच यायचं असतं, रेघ खाल्ली की पातं वाकडं दिसलंच. उतार मी अजून कानशीनंच काढतो, ग्राइंडरवर वीस मिनिटात होतंय पण हाताला जी लय सापडते ती मशीनवर नाही, असो. दोन रविवार गेले.

मुठीची भोकं पाडली ती मात्र एका मंगळवारी रात्री, सेकंड शिफ्ट करून आल्यावर. ड्रिल बोथट झालेलं, किरकिर करत उतरलं. भोकाच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत कंगोरा राहतो तो मोठ्या ड्रिलनं फिरवून काढायचा असतो, नाहीतर पाणी देताना तिथनंच चीर सुरू होते, कंपनीत नवीन पोरांना मी हेच रोज ओरडून सांगतो. त्या रात्री काढला नाही.

मग तीनदा लाल करून हवेत गार केलं, पोलादाचा दाणा बारीक होतो त्यानं. मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल पातं तेलात बुडवून कडक करायचं. तेल ५५ डिग्रीला. आमच्याकडं कंपनीत तापमान बघायला पायरोमीटर आहे, घरी चुंबक आणि डोळा. चुंबक चिकटायचं बंद झालं की साधारण ७७०, तिथनं अजून जरा चढू द्यायचं आणि अंधारात रंग बघायचा. रंग छान आला. नेहमी मी नुसतं पातं बुडवतो, मूठ बाहेर. त्या दिवशी सांडशीनं शेपटाच्या, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाच्या अगदी टोकाला धरलेलं आणि अख्खं आत गेलं.

टिंग.

ताटलीवर चमचा पडावा एवढाच आवाज. बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली काय पडलं, मी म्हणलं काही नाही. बाहेर काढलं, सरळ होतं, कानस पात्यावरनं काचेवरनं घसरावी तशी घसरली. मनाला म्हणलं सांडशी डब्याला लागली असेल. ओटीजीमधे दोनशेला दोन-दोन तास दोनदा ठेवलं (केकला तेलाचा वास येतो म्हणून घरात भांडण झालं ते वेगळं), गवती पिवळा रंग आला, कंपनीत कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर लावलं तर ५७, पाहिजे तसा. आणि मग चारशेच्या पॉलिशपेपरवर मुठीची जागा घासताना पुढच्या भोकातनं पाठीकडं गेलेला केस दिसला. केसच वाटला, फुंकर मारली, हलेना. रॉकेल, खडू. ओली रेघ, नऊ मिली.

त्यावर शिसवाची मूठ बसणार होती. अराल्डाईट, दोन पितळी रिव्हेट, जन्मात कुणाला दिसलं नसतं.

काकांना बोलावून दाखवलं, एवढं तरी केलं. भिंगातनं बघितलं त्यांनी, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, “तू सांगितलं होतंसच की, पाटा जुना. तुझा काय दोष.” आणि मी मान हलवली. हो म्हणलं नाही पण मान हलवली. दुसरा करून देतो म्हणलं तर म्हणाले हाच बसव, कपाटात ठेवायचाय, मला कुठं रानडुक्कर सोलायचंय. पैसे पूर्ण दिले, घेत नव्हतो तर बाकावर ठेवून गेले.

आता गंमत अशी की हे कळण्यासारखं आहे. सुरा त्या चिरेवर मोडला तर आतला रंग सांगतो. चीर आधीपासनं असेल तर भट्टीत आतपर्यंत पोळून काळी झालेली असते, पाणी देताना पडली असेल तर तिला ओटीजीतली पिवळी झाक येते. कंपनीत तुटलेला पार्ट आला की आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो आणि दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरवतो, दहातले आठ वेळा सप्लायरच्या. इथं मात्र बघायचं तर काकांच्या वडिलांचा सुरा मोडायला लागेल.

मला स्वतःला वाटतंय पिवळीच निघेल. भोकातनंच सुरू झालीय ना ती.

परवा काकांचा फोन आलेला. नातवानं बघितला म्हणे, त्यालाही पाहिजे, पाटा उरलाय का विचारत होते. उरलाय वीतभर, बाकाखालीच पडलाय. बघतो म्हणलं, आणि जेवायला बोलावलंय सांगून फोन ठेवला.