ब्लॅकवेल वंशावळ: पाच अविवाहित बहिणींचं काय करायचं?

मंडळी, ब्लॅकवेल घराण्याचं काम या खेपेला बरंच पुढे सरकलं. मध्यभागी अर्थातच एलिझाबेथ: जन्म 3 फेब्रुवारी 1821, ब्रिस्टल, 1849 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून एम.डी. अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली बाई. तिच्याबद्दल भरपूर छापून आलंय. मला रस आहे तो तिच्या घरात.

इंग्लंडची बाजू लावणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. तिथली सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली, तोवर या कुटुंबाला देश सोडून पाच वर्षं होत आली होती. शिवाय ही मंडळी डिसेंटर, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरची. त्यामुळे नुसत्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या स्थानिक विभागाच्या, बाप्तिस्म्याच्या वह्या चाळत बसू नका. अशा पंथांच्या बऱ्याच वह्या पुढे सरकारजमा झाल्या. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागारात) ‘आरजी 4’ मालिकेत सापडतील.

ऑगस्ट 1832 मध्ये या कुटुंबाला घेऊन ‘कॉस्मो’ जहाज ब्रिस्टलहून निघालं आणि सुमारे सात आठवड्यांनी न्यूयॉर्कला लागलं. बरोबर आठ मुलं. नववा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जन्मला, म्हणजे मुलांची आई हॅनाबाईंनी तो सगळा प्रवास पोटुशी असताना केला. पोराचं नाव ठेवलं जॉर्ज वॉशिंग्टन! त्या काळच्या प्रवासी यादीत नाव, वय, धंदा, देश एवढंच मिळतं, गाव मिळत नाही. तेव्हा फक्त यादीच्या भरवशावर ब्रिस्टल गाठता येणार नाही.

वडील सॅम्युअल यांचा धंदा साखर शुद्ध करण्याचा, आणि माणूस गुलामगिरीचा कट्टर विरोधक. उसाची साखर तर गुलामांच्या घामाची. म्हणून अमेरिकेत त्यांनी बीटपासून साखर करून पाहिली. 1838 मध्ये बिऱ्हाड सिनसिनाटीला हलवलं आणि काही महिन्यांतच ते वारले. मग हॅना आणि थोरल्या मुलींनी शाळा काढून घर चालवलं.

मुलांची बाजू सोपी निघाली. हेन्रीची बायको ल्यूसी स्टोन, लग्न 1855. वडिलांचंच नाव असलेल्या मुलाची, सॅम्युअलची बायको अँटोनेट ब्राउन, लग्न 1856. ओबर्लिन कॉलेजातल्या या जिवलग मैत्रिणी पुढे सख्ख्या जावा झाल्या. वंशावळीत बाईची नोंद माहेरच्या आडनावाने करायची हा आपला शिरस्ता. ल्यूसीने लग्नानंतरही तेच आडनाव चालवलं, त्यामुळे तिथे काही खटपटच नाही.

खरी मेहनत मुलींच्या बाजूला. अ‍ॅना, मॅरियन, एलिझाबेथ, एमिली, एलन: पाचही जणी बिनलग्नाच्या. नेहमीचा तक्ता काढला की पाच फांद्या तिथेच तुटतात. पण घर काही तसं तुटलं नव्हतं. एलिझाबेथने 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या रँडल्स आयलंडवरून किटी बॅरी ही अनाथ आयरिश पोर घरी आणली. ही किटी तिला ‘डॉक्टर’ म्हणायची. एकदा घरी एक पुरुष डॉक्टर येऊन गेले, तर किटी म्हणाली, पुरुषाला डॉक्टर म्हणतात हे किती विचित्र वाटतं! 1869 मध्ये एलिझाबेथ कायमची इंग्लंडला परतली. पुढे हेस्टिंग्जच्या घरी, 31 मे 1910 ला ती गेली तोवर, किटीच तिच्यासोबत होती.

ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: नवीन कुटुंब उघडा, वडिलांची जागा रिकामी ठेवा, आईच्या जागी एलिझाबेथ, मूल किटी, आणि आईशी नातं ‘दत्तक’ निवडा. जन्मदात्यांचं वेगळं कुटुंब करा, नाहीतर अहवाल काढताना दोन्ही घरं एकमेकांत मिसळतात. मी किटीला एलिझाबेथच्या खालीच ठेवलंय. रक्ताचीच रेघ हवी असणाऱ्यांनी तेवढं नातं गाळून तक्ता काढावा.

पुढचं काम एमिलीचं. 1854 मध्ये पदवी मिळवलेली ही घरातली दुसरी डॉक्टर, थोरल्या बहिणीमागोमाग सप्टेंबर 1910 मध्ये गेली. तिनेही नॅनी नावाची मुलगी दत्तक घेतली होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ब्लॅकवेल कुटुंबाचे कागद स्कॅन करून ठेवलेत, आता त्यातली एमिलीची पत्रं वाचायला घेतो.