तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राँझचा घोडा आतून भरीव असतो का?

बडोद्यात काळ्या घोड्याखालून, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या अश्वारूढ पुतळ्याखालून जाताना हा प्रश्न हमखास येतो. सयाजीरावांसकट एवढं वजन घोड्याच्या पायांवर कसं पेललं जातं? आतून भरीव असणार, नाही का?

नाही, असे पुतळे पोकळ ओततात. हातभर लांबीच्या जनावराला 4-5 मिमी जाडीची भिंत पुरते. भरीव ओतलं तर धातू वाया जातोच, शिवाय जनावरही बिघडतं. जाड भाग सगळ्यांत शेवटी गोठतो, गोठताना आकसतो आणि नेमका पाठीवर खड्डा पडतो. जनावर आधी आतल्या गाभ्यावर मेणात घडवतात, बाहेरून साचा चढवतात, मग मेण वितळवून काढून त्या जागी ब्राँझ ओततात. म्हणून धातूचा हिशेब मेणावरून करायचा. 1 किलो मेणाच्या जागी 9 किलोच्या वर ब्राँझ लागतं. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, 10 किलो घ्या.

छोट्या जनावरात बारीक पाय मात्र भरीवच ठेवतात. खरी गडबड तिथेच होते. रस खुरांवाटे सोडावासा वाटतो, कारण नळी कापल्याची खूण बैठकीत लपते. पण पाय आधी गोठतात, धड उपाशी राहतं आणि खांद्याशी चीर जाते. म्हणून धडाला वेगळी जाड नळी द्यायचीच. तिची खूण नंतर कानशीनं घासत बसावं लागलं तरी चालेल.

मेण वितळून गेलं की आतला गाभा अधांतरी होतो. त्याला धरायला आरपार खिळे हवेत, तेही स्टेनलेसचे. साधे लोखंडी खिळे आत राहिले तर दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ येतात. साचा 600 अंशांच्या पुढे भाजून, दमट हवा लागायच्या आत, त्याच दिवशी ओतायचा. ओलावा राहिला तर वाफेनं रस उसळतो, जिवावर बेतू शकतं.

पाय पेलणार की नाही, हे मात्र मातीत काम करतानाच ठरून गेलेलं असतं. त्यासाठी अमेरिकन शिल्पकार ॲना हायट हंटिंग्टन (1876-1973) यांचं काम बघा. वडील जीवाश्मशास्त्रज्ञ, त्यामुळे प्राण्यांचा अभ्यास घरातूनच आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात जिवंत जॅग्वार समोर ठेवून त्यांनी तो घडवला. तो खडकावरून खाली पंजा टाकतोय, अंगाचा सगळा भार खडकावर. पंजा हवेत असूनही तोल जरा ढळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्क हिचं त्यांनी केलेलं अश्वारूढ शिल्प 1910 मध्ये प्लास्टरमध्ये पॅरिसच्या सलोंत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, मांडलं गेलं. एका बाईनं हे एकटीनं केलं, यावर परीक्षकांचा विश्वास बसेना. 1915 मध्ये त्याच शिल्पाचं सुधारलेलं रूप ब्राँझमध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर उभं राहिलं.

आता काही जण विचारतील, पोकळ आहे हे ओळखायचं कसं? लहान शिल्पाच्या पोटावर बोटानं टिचकी मारा, मग पायावर. पोट घुमतं, पाय घुमत नाही.