आमची वाटचाल: पडवीतल्या हलरपासून काळभातापर्यंत

शेंडी हे आमचं गाव भंडारदऱ्याच्या जलाशयाला लागून आहे. धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेतून खाली उसाच्या पट्ट्यात जातं. आमचं भात मात्र पहिल्यापासून पावसावरच. तरी आमची भात भरडायची गिरणी चालते ती या पाण्यामुळेच, कारण ते बघायला माणसं येतात.

वडिलांनी पडवीत हलर, म्हणजे भात भरडायचं यंत्र, बसवला तेव्हा घरोघरचं उखळ-मुसळ सुटत चाललं होतं. बाया डोक्यावर पोतं घेऊन यायच्या. हातात पैसे नसले की मजुरीपोटी कोंडा ठेवून जायच्या.

पुढे मे-जूनमध्ये काजवे बघायला येणारे पाहुणे आमच्याकडे जेवू लागले. एका ताईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "दादा, हा तांदूळ विकत मिळेल का?" तो काळभात होता. टरफल काळपट, आतला दाणा पांढरा, आणि शिजायला लागला की वास थेट ओसरीपर्यंत. उतारा कमी म्हणून लोक तो सोडत होते. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली आणि गावरान वाण म्हणजे काय, हे पाहुण्यांना समजावण्याची गरजच उरली नाही.

पहिल्याच वर्षी आम्ही मोठी चूक केली. कापणी झाल्या झाल्या सगळं भात भरडून पिशव्या भरल्या. ऐन श्रावणात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: पिशवीत बुरशी. भात पुरतं वाळलंच नव्हतं. त्या खेपेचे सगळ्यांचे पैसे परत केले. वर्षाची कमाई गेली, पण ते करायलाच हवं होतं.

तेव्हापासून भात अंगणात चांगलं वाळवतो. आई रोज चार दाणे सोलून दाताखाली धरते. कट्कन तुटला तरच पोती आत जातात. साठवण टरफलासकट आणि भरडणं मागणी आली की. कर्ज काढून रबर रोलरचं यंत्र घेतलं. जुन्या हलरमध्ये फार कणी पडायची, आता दाणा अख्खा निघतो. पॉलिश आम्ही करत नाही. तांदूळ पांढराशुभ्र दिसत नाही, अशी तक्रार अजूनही येते, पण त्यासाठी कोंड्याचा थर काढून टाकणं मला पटत नाही.

काळभात लावणाऱ्या शेतकऱ्यांना आम्ही रोहिणीच्या आधी बियाणं देतो आणि व्यापाऱ्यापेक्षा चढा भाव देतो. नवा तांदूळ हवा असेल तर दिवाळीनंतर कळवा. त्याआधी भात खाचरातच असतं.