डॉनकास्टरची रात्र आणि वेम्बली: पॅलेसच्या मागे अख्खा एफए कप फिरलो त्याचा हिशोब

सगळ्यात आधी जे मला कुणी सांगितलं नाही ते सांगतो. एफए कप म्हणजे इंग्लंडमधली हरला की बाहेर अशी फुटबॉलची स्पर्धा, आणि २०२४-२५ च्या सीझनपासून तिच्या मुख्य फेऱ्यांमध्ये रिप्ले बंद झालाय. पूर्वी नव्वद मिनिटांत बरोबरी झाली की दोन्ही टीम घरी आणि काही दिवसांनी परत मॅच व्हायची, आता त्याच रात्री जादा तीस मिनिटं आणि तरी निकाल नाही लागला तर पेनल्टी. टीव्हीवर बघणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण ज्याला शेवटची ट्रेन पकडून लंडनला यायचंय त्याचा तासभर उडतो, आणि तो तासभर आपल्याकडे नाहीये हे मला डॉनकास्टरच्या स्टँडमध्ये बसल्यावर कळलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार अशा पेठांच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेला माणूस, त्यामुळे दक्षिण लंडनच्या क्रॉयडनला राहायला आल्यावर टीव्हीवरची मोठी टीम धरायचा प्रश्नच नव्हता, पेठेतली टीम ती आपली टीम. इथली पेठेतली टीम म्हणजे क्रिस्टल पॅलेस. १९०५ चा क्लब आणि २०२४-२५ च्या या सीझनआधी एकही मोठी ट्रॉफी नाही, एफए कपच्या दोन फायनल खेळले, १९९० आणि २०१६, दोन्ही वेळा मँचेस्टर युनायटेडकडून हरले. आम्ही जानेवारीत सुरुवात केली तेव्हा वेम्बलीचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

तिसरी फेरी (आमची पहिलीच) १२ जानेवारीला घरच्याच सेलहर्स्ट पार्कवर, स्टॉकपोर्टशी. आमच्या एझेचा चौथ्या मिनिटाला गोल, १-०, बाकी लिहिण्यासारखं काही नाही. पण ही मॅच चुकवू नका. माझ्या सीझन तिकिटात कपच्या मॅच येत नव्हत्या, वेगळं तिकीट काढावं लागलं, आणि पुढे तिकिटं कमी पडतात तेव्हा तुम्ही आधी कुठे कुठे गेला होतात हेच मोजलं जातं. जानेवारीत कंटाळा केला तर एप्रिलमध्ये रडायचं.

आता चौथी फेरी, उत्तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला, त्यांच्या मैदानावर. कुणाशी खेळायचं याची सोडत निघाली त्याच रात्री मी आणि माझा नाशिकचा मित्र, दोघांनी शनिवारची स्वस्तातली ट्रेन बुक केली, पैसे परत न मिळणारी. आणि मग मॅच टीव्हीसाठी सोमवारी, १० फेब्रुवारीला रात्री पावणेआठला हलवली. तिकीट बदलायची फी वेगळी, भाड्यातला फरक वेगळा, आणि ऑफिसची अर्धी सुट्टी वेगळी. म्हणून पहिला नियम लिहून घ्या: टीव्हीच्या मॅचची यादी लागेपर्यंत रेल्वेचं तिकीट काढायचं नाही, मग ते कितीही स्वस्त दिसू दे.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून पावणेदोन तासाच्या आत डॉनकास्टरला पोहोचतो, तो भाग सोपा. पुढे फसवणूक सुरू होते. मला एका जुन्या फॅनने सांगितलं होतं की स्टेशनपासून ग्राउंड जवळच आहे, चालत जा. जवळ नाहीये. ग्राउंड शहराबाहेर लेकसाइडला आहे, मोठमोठी दुकानं, पार्किंग आणि दोन्ही बाजूंनी गाड्या पळणारे रस्ते, आम्हाला चांगल्या पायांनी पाऊण तास लागला आणि वारा असा की कान बधिर. थर्मल, टोपी, हातमोजे घालूनच निघा, त्यावर चर्चा नको.

मॅच छान झाली. डॉनकास्टर तेव्हा लीग टू मध्ये म्हणजे चौथ्या पायरीवर, पण पहिला अर्धा तास त्यांनी नुसतं जखडून ठेवलं होतं, मग आमच्या मुन्योझने एक मारला आणि दुसऱ्या हाफमध्ये डेव्हेनीने दुसरा, ०-२. मी मात्र ०-१ असताना सारखा घड्याळ बघत होतो कारण त्यांचा एक गोल पडला असता तर जादा वेळ, आणि जादा वेळ म्हणजे आमची ट्रेन गेली. आपली टीम जिंकतेय आणि आपण मोबाइलवर ट्रेनचं टाइमटेबल बघतोय, अशी मॅच कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शिट्टी वाजल्यावर बाहेर पळालो. टॅक्सीवाल्यांची रांग लागलेली, पहिल्याने स्टेशनपर्यंत पस्तीस पाउंड सांगितले. दोन मैलांच्या आसपासचं अंतर! दुसऱ्याने तीस, आणि तेही चौघं मिळून बसलात तर प्रत्येकी दहा, म्हणजे चाळीस झाले ना रे भावा. मीटर लावणार का विचारलं तर मान फिरवली. त्यांना माहीत असतं की लंडनच्या माणसाला ट्रेन आहे आणि थंडी आहे. आम्ही दिले नाहीत, निम्मं पळत निम्मं चालत स्टेशन गाठलं, मित्राच्या पोटात कळ आलेली, तो एका दिव्याच्या खांबाला धरून वाकला आणि म्हणाला "तू जा", मी त्याची सॅक माझ्या खांद्यावर घेतली आणि तसेच निघालो. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला तेव्हा ट्रेन सुटायला चार मिनिटं होती. घरी पोहोचायला पावणेदोन वाजले, सकाळी नऊला ऑफिस.

माझं स्पष्ट मत: लंडनबाहेर आणि आठवड्याच्या मधली कपची मॅच असेल तर तिथे रात्रीची स्वस्त खोली घ्या, किंवा गाडी असलेला फॅन आधी गाठा, किंवा क्लबची बस असेल तर ती पकडा. एकशेवीस मिनिटं अधिक पेनल्टी हा हिशोब धरूनच परतीचा बेत करायचा. आणि टॅक्सी हवीच असेल तर जाताना ज्याने योग्य पैसे घेतले त्याचाच नंबर घेऊन ठेवा.

पाचवी फेरी, १ मार्च, मिलवॉल, परत घरच्या मैदानावर. दक्षिण लंडनचाच शेजारी क्लब, आणि खुन्नस अशी की आपल्या पेठांची त्यापुढे गोड वाटेल. मॅच दुपारी सव्वाबाराला ठेवली होती. त्यांच्या गोलकीपरचा बूट आमच्या स्ट्रायकर मटेटाच्या डोक्याला लागला, मटेटा मैदानावर पडून आहे, पंधरा-वीस सेकंद सगळं स्टेडियम गप्प, आणि मग त्यांच्या बाजूने जी घोषणा आली ती मी इथे लिहिणार नाही. त्याच्या कानाला २५ टाके पडले. गोलकीपरला रेड कार्ड, आम्ही ३-१ ने जिंकलो, पण घरी येऊन जेवण गेलं नाही. लहान पोरांना या मॅचला नेऊ नका. नेणार असाल तर नॉरवुड जंक्शन स्टेशनच्या वाटेने जाऊ नका, थॉर्नटन हीथने या, त्या दिवशी मला तिथे गर्दी कमी लागली.

क्वार्टर फायनल लंडनमध्येच फुलहॅमला, ०-३ ने आम्ही जिंकलो, ऊन होतं, पटनी ब्रिजला उतरून नदीकाठच्या बागेतून चालत जायचं. सोपं आहे, जा.

वेम्बलीला सेमी (२६ एप्रिल, ॲस्टन व्हिला, ३-० ने जिंकलो) आणि फायनल (१७ मे, मँचेस्टर सिटी) अशा दोन फेऱ्या झाल्या, दोन्हींचं एकत्रच सांगतो. तिथे रोख पैसे चालत नाहीत, मोठी बॅग आत सोडत नाहीत, आणि ती ठेवायला बाहेर कुणी तुमच्याकडून काय घेईल याचा नेम नाही, म्हणून बॅग आणूच नका. स्टेशनबाहेर हळू आवाजात "तिकीट, तिकीट" करणारे भेटतील, फायनलला एकाने माझ्या देखत एका बाई-मुलाला चारशे पाउंड सांगितले. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट असं बिनपरवाना विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते तिकीट गेटवर चालेलच याची खात्री नाही. घेऊ नका. टीव्हीवर बघा पण घेऊ नका.

फायनलला माझ्या शेजारी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, १९९० ला पण आले होते आणि २०१६ ला पण. मॅचच्या आधी आमच्या बाजूने मोठा पडदा उघडला, त्यावर एका बापाने दोन पोरांना मिठीत घेतलेलं चित्र, ते आजोबा तेव्हापासूनच डोळे पुसत होते. सोळाव्या मिनिटाला मुन्योझचा क्रॉस, एझेचा गोल. मग सिटीला पेनल्टी, बॉल त्यांचा स्टार हालांडऐवजी मार्मूशने घेतला आणि आमचा गोलकीपर हेंडरसनने अडवला, तेव्हा आजोबांनी माझी बाही पकडली ती सोडलीच नाही. दुसऱ्या हाफमध्ये आमचा एक गोल ऑफसाइड दिला. शेवटी बोर्डवर दहा मिनिटं दाखवली, दहा! ते दहाही मिनिटं आजोबा खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते आणि मला विचारत होते, "आता कुठे आहे बॉल?" मी सांगत होतो. डावीकडे. कॉर्नरला. हेंडरसनच्या हातात. शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

१-०. मी इथे जास्त लिहू शकत नाही, अजूनही हात थरथरतोय.

परत येताना लगेच वेम्बली पार्क स्टेशनकडे पळू नका, सेमीला मी पळालो होतो आणि तासभर घोड्यांवरच्या पोलिसांच्या मागे उभा होतो. फायनलला बसून राहिलो. आजोबांनी घरी फोन लावला, बोलले काहीच नाहीत, फोन नुसता स्टँडकडे धरून ठेवला जिकडे सगळे गात होते. आठच्या सुमारास स्टेशनवर गेलो तर लाइन नव्हती.